नवा पीसी जोडला, आता सॉफ्टवेअरचं काय? परवान्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लोकांना पीसी जोडून देतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, पॉवर सप्लाय किती वॅटचा, यावर लोक पंधरा-पंधरा दिवस अभ्यास करून येतात. सॉफ्टवेअरचा विषय मात्र सगळे पैसे देऊन झाल्यावर, कॅबिनेट गाडीत ठेवताना निघतो. पुढे महिनाभर त्याच विषयावर व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. असेंबल्ड पीसी घेतला. विंडोज त्यातच येत नाही का? लॅपटॉपमध्ये तर आलं होतं.

लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे धरलेले असतात. कंपनी कारखान्यातच विंडोज टाकते आणि त्याची की, म्हणजे विंडोज चालू करणारा पंचवीस अक्षरांचा कोड, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये (फर्मवेअरमध्ये) लिहून ठेवते. विंडोज ८ पासून ही पद्धत आली, म्हणून हल्ली लॅपटॉपच्या तळाशी की छापलेला स्टिकर दिसत नाही. असेंबल्ड पीसीत तुम्ही सुटे भाग घेता. विंडोज हा त्यातलाच एक भाग समजा. कोटेशनच्या यादीत तो लिहिलेला नसेल, तर तो तुम्ही घेतलेला नाही.

माझा आग्रह असतो की यादी करतानाच सॉफ्टवेअरची ओळ लिहावी. बजेट कमी पडत असेल तर ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी घ्या, दुसरी एसएसडी नंतर बसवा. ते भाग नंतर सहज बसतात. आधी क्रॅक (परवान्याशिवाय सॉफ्टवेअर उघडून देणारा चोरटा प्रोग्राम) टाकून कामाला लागलेलं मशीन पुढे कोणी थांबवून नीट करत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

२. दुकानदार म्हणाला, "विंडोज, ऑफिस सगळं टाकून दिलंय, काळजी करू नका." ते ओरिजिनल आहे हे कसं ओळखू?

आधी बिल उघडा. विंडोजची स्वतंत्र ओळ, त्यापुढे आवृत्तीचं नाव आणि रक्कम आहे का? "सॉफ्टवेअर – फ्री" असं लिहिलं असेल किंवा काहीच लिहिलं नसेल, तर बहुधा परवाना नाही. हजारो रुपयांची वस्तू कोणी फुकट टाकून देत नाही.

मग मशीनला विचारा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या चौकटीत रोमन अक्षरांत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि लगेच डी-एल-आय लिहून एंटर मारा. दोन-चार सेकंदांनी एक खिडकी उघडते. तिच्या दुसऱ्या ओळीत चॅनेलचं, म्हणजे परवान्याच्या प्रकाराचं नाव असतं: रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम (तिन्हींचा अर्थ प्रश्न ३ मध्ये). घरच्या नव्या पीसीवर तिथे व्हॉल्यूम आणि त्यापुढे केएमएस क्लायंट दिसलं, तर तो परवाना तुमचा नाही. केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची सोय आहे. कंपनीच्या आतल्या सर्व्हरशी मशीनने १८० दिवसांत एकदा तरी बोलायचं आणि परवाना ताजा करून घ्यायचा, अशी तिची रचना आहे. तुमच्या दिवाणखान्यात तसा सर्व्हर नाही. त्याचं सोंग घेणारा एखादा प्रोग्राम मशीनमध्ये बसवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उलट, तिथे रिटेल दिसलं म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. त्याचं कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

३. ओईएम, रिटेल, व्हॉल्यूम… मी यातलं नेमकं कोणतं घेऊ?

स्वतः भाग आणून स्वतः जोडत असाल तर रिटेल. तो परवाना तुमच्या नावाने राहतो. उद्या मशीन बदललं तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो.

ओईएम परवाना मशीन जोडून विकणाऱ्यासाठी असतो. दुकानदाराने पीसी जोडला, त्यात विंडोज बसवलं, त्याच्या सपोर्टची जबाबदारी घेतली आणि दोन्ही मिळून तुम्हाला विकलं, तर ओईएम घेण्यात काही गैर नाही. रिटेलपेक्षा तो स्वस्त पडतो. मात्र तो त्या मशीनशी, म्हणजे प्रत्यक्षात मदरबोर्डशी, बांधलेला असतो. मशीन गेलं की परवानाही गेला. ओईएमचं पाकीट नुसतंच, मशीनशिवाय, काउंटरवरून विकत घेणं हे त्याच्या अटींत बसत नाही.

व्हॉल्यूम हा संस्था आणि कंपन्यांसाठी करार करून घेतला जातो. एंटरप्राइझ आणि एलटीएससी या आवृत्त्या त्याच रस्त्याने येतात. व्यक्तीला त्यांची एकेक की विकत मिळत नाही. ऑनलाइन कोणी देत असेल तर ती कुठल्या तरी संस्थेच्या वाट्याची आहे.

४. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत विंडोज प्रोची की मिळते. टाकली आणि ॲक्टिव्हेट झाली. मग दहा हजार कशाला घालू?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो. त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. की म्हणजे परवाना नव्हे. पंचवीस अक्षरांची ती ओळ फक्त कुलूप उघडते. घर तुमच्या नावावर आहे की नाही, ते खरेदीखत सांगतं. इथे खरेदीखत म्हणजे अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि त्यासोबत मिळालेल्या वापराच्या अटी.

स्वस्त की येतात कुठून? काही भंगारात निघालेल्या कंपनीच्या मशीनवरच्या ओईएम की असतात. काही एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम कराराच्या असतात. तशी एकच की ठरावीक संख्येपर्यंत अनेक मशीनवर चालते, आणि तोपर्यंत ती शेकडो लोकांना विकली जाते. काही विद्यार्थ्यांसाठी किंवा सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांसाठी दिलेल्या असतात. यातली कुठलीही आज ॲक्टिव्हेट होईल. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर फक्त एवढंच बघतो की ही की चालू यादीत आहे का. मूळ मालकाचा करार संपला किंवा की ब्लॉक झाली, की एक दिवस स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा असा फिकट मजकूर उमटतो. तोवर विक्रेत्याचं पानही बहुधा गायब झालेलं असतं.

किमतीचा अंदाज हवा असेल तर हे लक्षात ठेवा: अमेरिकेत विंडोज ११ होमची छापील किंमत १३९ डॉलर आणि प्रोची १९९ डॉलर आहे. भारतातला अधिकृत दर मायक्रोसॉफ्टच्या भारतीय स्टोअरवर त्या दिवशी बघावा. सणासुदीला दहा-पंधरा टक्के सूट समजू शकते. पंचाण्णव टक्के सूट मात्र कोणी देत नाही.

५. क्रॅक टाकून चाललंय की सगळ्यांचं. खरंच काही होतं का?

एका छापखान्यातला प्रसंग सांगतो. लग्नसराईच्या तोंडावर मालकांचा सकाळी साडेसातला फोन आला, "फाइली उघडत नाहीत." गेलो. प्रत्येक फाइलच्या नावाला शेपटीसारखी वेगळीच अक्षरं लागलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. सात वर्षांच्या पत्रिका, आमंत्रणं, अहवाल, सगळं कुलूपबंद. बॅकअपची हार्ड डिस्क होती. पण ती कायम मशीनलाच लावलेली असे, त्यामुळे तीही गेली.

मी विंडोजची सुरक्षा उघडून पाहिली. डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, बंद होता, आणि मशीन आलं त्या दिवसापासून बंद होता. ॲक्टिव्हेटर (विंडोजचा क्रॅक) चालवण्याआधी डिफेंडर बंद करा, अशी सूचना त्या प्रोग्रामसोबतच आली होती. जोडणाऱ्याने ती पाळली आणि तसंच मशीन देऊन टाकलं. हल्ला नेमका त्या ॲक्टिव्हेटरमधून आला की नंतरच्या एखाद्या ईमेलमधून, ते मला सांगता आलं नाही. पण दार उघडं कशामुळे राहिलं, हे समोर दिसत होतं. टेबलावर पत्रिकेचं प्रूफ पडलं होतं, त्यावर पेन्सिलने वधूच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त केलेली. ती पत्रिका त्यांनी दोन दिवसांत पुन्हा पहिल्यापासून जुळवली.

क्रॅकचा धोका असा असतो. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम तुम्ही ॲडमिन अधिकार देऊन, पहारेकरी बाजूला करून चालवता. तो विंडोज उघडून देण्याशिवाय आणखी काय करतो, हे तपासायला तुमच्याकडे काहीही नसतं. आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता.

६. होम घेऊ की प्रो?

घरात, अभ्यासाला, गेमिंगला, एकट्याच्या दुकानाला होम पुरतं. प्रो घ्यायची खरी कारणं मोजकी आहेत: बाहेरून या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल, ऑफिसच्या डोमेनला (कंपनी एकत्र सांभाळते त्या मशीनच्या जाळ्याला) जोडायचं असेल, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करायची सोय) पूर्णपणे आपल्या हातात हवा असेल किंवा हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) वापरायचं असेल. "प्रो जास्त फास्ट चालतं" हे खरं नाही. आधी होम घ्या. गरज पडली तर मशीनमधल्याच स्टोअरमधून फरकाचे पैसे भरून प्रो करता येतं, फॉरमॅट मारावं लागत नाही.

७. खरेदी कुठून करू आणि बिलावर काय बघू?

सर्वांत सरळ म्हणजे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर. मोठ्या ई-कॉमर्स साइटवर घ्यायचं तर वस्तूच्या नावाऐवजी विक्रेत्याचं नाव बघा. त्याच पानावर अधिकृत विक्रेताही असतो आणि कोणी ऐरागैराही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर विंडोज घेऊ नका.

बिलावर जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरं दुकानदाराच्या पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या पानावर तो क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. बिलावरचंच नाव तिथे येतं का आणि नोंदणी चालू आहे का, ते दिसतं. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलात तो वेगळा दाखवलेला हवा. तुमच्या व्यवसायाची नोंदणी असेल तर तुमचाही क्रमांक बिलावर घालून घ्या, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. नंतर घालून मिळत नाही म्हणून लोक फार हळहळतात.

खोका घेतला तर कीवरचं खरडायचं आवरण शाबूत आहे ना, हे दुकानातच बघा. आधी खरडलेलं असेल तर परत द्या. नुसता स्टिकर, ना खोका ना बिल, असा कधीच घेऊ नका.

८. आत्ता एवढे पैसे नाहीत. ॲक्टिव्हेट न करता विंडोज चालवलं तर?

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून टाकता येतं आणि की न देताही ते चालू होतं. कोपऱ्यात मजकूर राहतो, वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत. सुरक्षेचे अपडेट मिळतात. नवं मशीन तपासायला, भाग नीट चालतायत ना ते बघायला ही सोय चांगली आहे. पण कायम तसंच वापरणं परवान्याच्या अटींत बसत नाही. ऑफिसात तर अजिबात नको.

तरीही क्रॅक आणि ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज यांतून निवडायची वेळ आली, तर क्रॅक टाकू नका. दोन-तीन महिन्यांत पैसे जमले की की घेऊन तिथेच टाका, डेटा जागच्या जागी राहतो. पैसे जमणारच नसतील तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा विचार खरोखर करा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पूर्ण मोफत आहे आणि मराठी त्यावर नीट चालते. ब्राउझर, लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर), व्हिडिओ एवढंच काम असणाऱ्या कितीतरी घरांत मी मिंट बसवलं आहे. आठवडाभर प्रश्न येतात, मग थांबतात. टॅली, कोरल किंवा ठरावीक गेम लागत असतील तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

९. जुन्या लॅपटॉपचं ओरिजिनल विंडोज नव्या पीसीवर नेता येईल का? लॅपटॉप तर बंदच पडलाय.

नाही. ते ओईएम आहे, म्हणून ते लॅपटॉपसोबतच संपलं (प्रश्न ३). भारतात विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती असते. ती साध्या होमपेक्षा वेगळी धरली जाते.

जुना पीसी असेल आणि त्याच्यावर रिटेल परवाना असेल तर नेता येतो, पण आधी जुन्या मशीनवरून काढायचा. दोन्हीकडे एकाच वेळी चालवायचा नाही.

१०. माझ्याकडे विंडोज ७ चा खोका आहे, बिलासकट. ती की चालेल?

आता नाही. विंडोज ७ आणि ८ च्या कीवर पुढची आवृत्ती ॲक्टिव्हेट होण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. विंडोज १० चा रिटेल परवाना असेल तर त्यावर त्याच आवृत्तीचं ११ चालतं, होमवर होम आणि प्रोवर प्रो.

नव्या मशीनवर विंडोज १० टाकून मागत असाल तर टाकू नका. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं हार्डवेअर ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयींसह येतं. फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ते चालू आहे ना, हे जोडतानाच बघून घ्या.

११. वर्षभरात मदरबोर्ड जळाला आणि बदलला. विंडोज पुन्हा घ्यायचं?

रिटेल असेल आणि तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथून ॲक्टिव्हेशन, मग ट्रबलशूट, आणि तिथे नुकतंच हार्डवेअर बदललं असा पर्याय निवडायचा. खात्यात जुन्या मशीनचं नाव दिसतं, ते निवडलं की झालं. म्हणून मी मशीन देतानाच परवाना मालकाच्या स्वतःच्या ईमेलला जोडून देतो. दुकानदाराच्या ईमेलवर जोडलेला असेल तर आजच बदलून घ्या.

ओईएम असेल तर थोडं अडचणीचं. बोर्ड बिघडल्यामुळे वॉरंटीत तसाच बोर्ड आला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोलून परवाना पुन्हा चालू करून मागता येतो. हौसेने भारी बोर्ड घेतला असेल तर ते नवं मशीन धरलं जातं.

१२. ऑफिस एकदाच विकत घ्यावं की वर्षाचं सबस्क्रिप्शन?

घरात किती माणसं वापरणार ते मोजा. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली एका वर्गणीत सहा जणांपर्यंत चालतं आणि प्रत्येकाला एक टीबी ऑनलाइन जागा मिळते. आई-बाबा, दोन मुलं, घरातली आत्या असे सगळे धरले तर माणशी खर्च खूप खाली येतो. एकटेच असाल आणि वर्ड-एक्सेलपलीकडे जात नसाल, तर ऑफिस २०२४ एकदाच घेऊन टाका. ते एका मशीनवर चालतं, अपडेट ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळतील, आणि त्यानंतरही प्रोग्राम बंद पडत नाही.

एक अट बहुतेक जण वाचत नाहीत. पर्सनल, फॅमिली आणि ऑफिस होम या घरगुती वापराच्या आवृत्त्या आहेत. सीएच्या ऑफिसात, क्लासमध्ये, दुकानात होम अँड बिझनेस किंवा ३६५ ची व्यवसायासाठीची योजना लागते. आणि कोणी ऑफिस २०१६ किंवा २०१९ ची की स्वस्तात देत असेल तर त्यांचा सपोर्टही विंडोज १० च्याच दिवशी संपला आहे.

१३. लिबरऑफिसवर काम भागतं का, खरं सांगा.

पत्रं, बिलं, साध्या शीट, शाळेचे प्रकल्प यांना अगदी व्यवस्थित भागतं. ते मोफत आहे, व्यवसायातही चालतं, आणि मेनू मराठीत करता येतो. अडतं कुठे? एक्सेलमधले मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम), आणि दुसऱ्याने वर्डमध्ये बनवलेला टेबलं-चौकटींनी भरलेला फॉर्म तसाच परत पाठवायचा असेल तिथे मांडणी हलते. तुमच्याकडे येणाऱ्या खऱ्या दहा फाइली उघडून बघा. अर्ध्या तासात निर्णय होतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

१४. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का?

युनिकोडसाठी, म्हणजे फोन आणि इंटरनेटवर चालतं त्या मराठीसाठी, नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की कीबोर्ड मिळतो. इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठीचा फोनेटिक कीबोर्डही २०१९ पासून आतच आहे. मंगल, कोकिळा हे फॉन्ट दिसत नसतील तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट उतरवून घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे सुंदर फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. पुस्तकात, फ्लेक्सवर, दुकानाच्या पाटीवर बिनधास्त वापरा.

प्रकाशन आणि डीटीपीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी त्यासाठी लागतंच. त्याचा परवाना हार्डवेअर लॉकवर असतो, म्हणजे तो छोटा डोंगल हाच तुमचा परवाना. नवं मशीन घेण्याआधी तो कोणत्या पोर्टचा आहे ते बघा. फार जुना पॅरलल पोर्टचा असेल तर नव्या बोर्डवर तो लावायला जागाच नसते. आणि डोंगल हरवू नये म्हणून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. समोर लावला की येता-जाता पाय लागतो.

१५. टॅली जुन्या पीसीवर आहे. नव्यावर टाकायला पुन्हा पैसे?

नाही. जुन्या मशीनवर टॅली उघडून आधी लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर त्याच सिरियल नंबरने चालू करा. जुनं मशीन भंगारात देण्याच्या आधी हे करायचं, लोक नेमकं हेच विसरतात.

टॅलीचा सिल्व्हर परवाना एका माणसासाठी, गोल्ड एकाच नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. वर्षाने टीएसएस (टॅलीची अपडेट आणि सेवांची वर्गणी) नूतनीकरणाचा निरोप आला म्हणजे टॅली बंद होणार असं नाही. कायमचा परवाना चालूच राहतो, फक्त नवी आवृत्ती आणि जोडसेवा थांबतात. जीएसटीचे नियम बदलत राहतात, म्हणून धंद्यासाठी टीएसएस चालू ठेवलेलं बरं. फक्त शिकायचं असेल तर एज्युकेशनल मोड मोफत आहे. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी टाकता येतात, आणि सरावाला तेवढ्या पुरतात.

१६. मुलगी आर्किटेक्चरला आहे. ऑटोकॅड, फोटोशॉप एवढं महाग कसं घ्यायचं?

ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. कॉलेजचा पुरावा द्यायचा, परवाना वर्षाचा असतो आणि शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी वाढवता येतो. त्यावर पैसे घेऊन कुणाचा प्लॅन काढून द्यायचा नाही, ही अट पाळायला तिला आत्ताच सांगा. अ‍ॅडोबीचं एकदाच विकत मिळणारं फोटोशॉप आता नाही, सगळं वर्गणीवर आहे. विद्यार्थ्यांचा दर वेगळा आणि बराच कमी असतो. "फोटोशॉप सीसी लाइफटाइम" अशी जाहिरात दिसली तर ती खोटी आहे हे यावरूनच कळतं. त्याऐवजी इंकस्केप आणि गिम्प हे चित्रांचे प्रोग्राम मोफत आहेत. कॉलेज फाइल कुठल्या स्वरूपात मागतं, ते आधी विचारा.

१७. अँटिव्हायरस घ्यायलाच हवा का?

विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर घरी पुरतो. मुलांवर लक्ष ठेवायच्या सोयी किंवा फोनवर मदत हवी असेल तर विकतचा घ्या. पुण्याच्याच क्विक हीलपासून पर्याय भरपूर आहेत. एका मशीनवर दोन टाकू नका. क्रॅक केलेला अँटिव्हायरस टाकून मागणाऱ्यांना मी हात जोडतो.

१८. फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर ऑफिसात वापरलं तर चालतं ना?

प्रत्येकाचं वेगळं. सेव्हन-झिप, व्हीएलसी, लिबरऑफिस यांना घर-ऑफिस असा भेद नाही. टीमव्ह्यूअर खासगी वापराला मोफत आहे, पण ग्राहकाचं मशीन दुरुस्त करायला वापरलं की तो व्यवसाय झाला. विनरार चाळीस दिवस तपासून बघायला आहे, नंतरही उघडतं म्हणून ते मोफत ठरत नाही. उतरवण्याआधी "खासगी वापरासाठी" असे शब्द कुठे आहेत का, तेवढं शोधा.

१९. घरच्या घरी क्रॅक वापरला तर कायद्याने काही होतं?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. त्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरगुती वापर हा सौम्य धरला आहे, पण माफ नाही. "दुकानदाराने टाकून दिलं, मला माहीत नव्हतं" हे बिल नसताना पटवून देणं अवघड. प्रती करून विकणाऱ्या दुकानदाराला वेगळं कलम लागतं.

तुमच्या स्वतःच्या परवान्याच्या प्रतीचा सुरक्षिततेसाठी बॅकअप ठेवायला मात्र हाच कायदा मुभा देतो.

२०. दादा अमेरिकेत असतो. त्याने तिकडून की घेऊन पाठवली तर?

अटींमध्ये असं आहे की पाकिटावर प्रदेशाचं बंधन छापलेलं असेल तर त्याच प्रदेशात ॲक्टिव्हेट करायचं. बंधन नसेल तर रिटेल की इथे चालायला हरकत नाही. दादाकडून बिलाची प्रतही मागा. डॉलरचा दर धरला तर फार बचत होत नाही, आणि जीएसटीची वजावट इथल्याच बिलावर मिळते.

२१. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा पीसी) करून दुसरं विंडोज टाकलं. एकच परवाना पुरेल?

नाही. आतलं विंडोज म्हणजे वेगळं मशीन, त्याला वेगळा परवाना. आत लिनक्स टाकलं तर प्रश्नच नाही.

२२. आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, सहा पीसी आहेत. काही सवलत?

नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टचा वेगळा कार्यक्रम आहे. संस्थेची कागदपत्रं तपासून मोफत किंवा कमी दरात परवाने देतात. अर्ज संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवरून करा. कार्यवाहांच्या खासगी ईमेलवर घेतलेले परवाने कार्यकारिणी बदलली की सापडत नाहीत. वाचकांसाठीच्या मशीनवर फक्त ब्राउझर लागत असेल तर प्रश्न ८ मधला लिनक्सचा भाग वाचा.

२३. मशीनवर आधीच क्रॅक आहे. आता ओरिजिनल घ्यायचंय. नुसती की टाकली तर भागेल?

की बसेल, पण क्रॅकने मागे काय ठेवलंय ते तसंच राहील. म्हणून कोरं करूनच घ्या. कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढा. प्रोग्राम आणि त्यांच्या सेटअप फाइली काढू नका, त्यातच घाण असते. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं विंडोज पेन ड्राइव्हवर घ्या. इन्स्टॉल करताना सगळी जुनी पार्टिशन पुसा, फक्त सी ड्राइव्ह पुसून थांबू नका. नवी की टाका, तुमच्या खात्याशी जोडा, डिफेंडर चालू आहे याची खात्री करा, आणि मगच ती डिस्क लावून पूर्ण स्कॅन करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड स्वच्छ मशीनवर बसून बदला. एक रविवार जातो.

टॅली असेल तर पुसण्याआधी प्रश्न १५ प्रमाणे सरेंडर करायला विसरू नका.

२४. मशीन विकायचंय. परवाना सोबत द्यायचा का?

ओईएम असेल तर तो मशीनसोबतच जातो. रिटेल तुम्हाला ठेवायचा असेल तर आधी मशीनवरून की काढा, खात्यातून ते मशीन हटवा आणि घेणाऱ्याला विंडोजशिवाय किंमत सांगा. सोबत देणार असाल तर मूळ बिल आणि खोकाही द्या. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कॅबिनेटच्या मॅन्युअलच्या खोक्यात एक पाकीट ठेवायला सांगतो: सगळी बिलं, की, आणि कोणता परवाना कोणत्या ईमेलला जोडला आहे ते हाताने लिहिलेली चिठ्ठी. थर्मल प्रिंटरवर छापलेल्या बिलावरची अक्षरं काही वर्षांत उडतात, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.